मान लपवणारे पक्षी

भाचीने फोन पुढे केला. "मावशी, हा कोण?" लव्हाळ्याच्या कडेला ओल्या चिखलावर एक तपकिरी पक्षी अंग चोरून बसला होता. अंगावर फिकट रेघोट्या होत्या की ठिपके, ते नीट कळत नव्हतं. उजेड मागून आलेला, त्यात झूम करकरून चित्र फुटलेलं. मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांत बसवलेलं. चोच जाड वाटत होती, पण ती किंचित आपल्या रोखाने वळलेली असल्यामुळे लांबीचा अंदाज येईना. एक पाय दिसत होता, दुसरा गवतात. मी म्हटलं, "रातबगळ्याचं पोर." शेजारी आमचे सर बसले होते. पक्षी बघणाऱ्या आम्हा सगळ्यांचे ते सरच. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलेलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि म्हणाले, "बिटर्न आहे." म्हणजे लव्हाळ्यात दडून राहणारा बगळ्यांचाच एक भाऊबंद. मग आमची जुंपली. मी पंखांवरचे ठिपके दाखवत होते, सर गळ्यावरच्या रेघा. मी चोचीवर बोट ठेवत होते, ते मागच्या लव्हाळ्यावर. भाची बराच वेळ आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत राहिली आणि मग तिने सरळच विचारलं, "तुम्ही दोघं एकाच फोटोकडे बघताय ना?"

सगळे हसलो. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

वादात कोण जिंकलं याचं मला फारसं काही नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच. खंड्या किंवा हळद्या पाहून दोन जाणत्या माणसांत भांडण लागलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथे रंगच सगळं सांगून मोकळा होतो. शिकारी पक्ष्यांवरून वाद होतात, वटवट्यांवरून तर हमखास होतात, पण ते पक्षी एक तर आभाळात ठिपक्याएवढे असतात नाही तर पानांत क्षणभर हलून नाहीसे होतात. तिथे माणसाला सबब असते. पाणथळीतल्या या ठेंगू पक्ष्यांच्या बाबतीत तीही नाही. ते समोर बसतात आणि बसूनच राहतात. दुर्बिणीत छान मावतात, कॅमेरा लावेपर्यंत थांबतात, पापणी मिटलेलीसुद्धा दिसते. आणि इतकं सगळं बघायला मिळूनही "हा कोण?" याचं उत्तर चटकन येत नाही. रातबगळा, वंचक, हिरवा बगळा, लहानमोठे बिटर्न, हे सगळे बगळ्यांच्याच कुळातले, पण बगळा म्हटल्यावर जे उंच, सडपातळ, पांढरं काहीतरी डोळ्यांपुढे येतं त्याच्याशी यांचा काही संबंध दिसत नाही. रंग चिखलाचे आणि वाळल्या गवताचे, बांधा बसका, वावर काठाकाठाने आणि तोही शक्यतो दिवस कलल्यावर. त्यांच्या जोडीला पाणलावे आणि पाणकोंबडीच्या कुळातल्या लहान फटाकड्या, म्हणजे गोंधळात आणखी भर.

पक्षी ओळखण्याची जी रीत आज जगभर चालते, चित्रातल्या पक्ष्याच्या नेमक्या खुणेवर बाण रोखायचा आणि तेवढी खूण बघून जात ठरवायची, ती रॉजर टोरी पीटरसन या अमेरिकन पक्षीचित्रकाराने १९३४ साली लोकप्रिय केली. त्याआधी जात पक्की करायची म्हणजे बहुतेक वेळा पक्षी पाडून हातात घ्यायचा. त्यामुळे त्या बाणांचे उपकार मोठेच आहेत. पण चित्राच्या पानावर सगळे पक्षी एका ओळीत, एकाच बाजूला तोंड करून, मान बेताची वर काढून उभे असतात. प्रत्येकावर सारखाच उजेड. पाणथळीत यातलं काहीच जमून येत नाही. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसलेला असतो किंवा पाठ करून, पोटापर्यंत गवतात, आणि बाण जिथे रोखलेला असतो नेमका तोच भाग त्याने घडी घालून आत ठेवलेला असतो.

खरं सांगायचं तर यांचा ठेंगूपणा हाच मुळात बनाव आहे.

बगळ्यांच्या मानेत वीस-एकवीस मणके असतात. आपल्या मानेत सात. त्यातला सहावा मणका इतरांहून लांब आणि वेगळ्या घडणीचा, त्यामुळे मान तिथे मोडून वळते आणि इंग्रजी एस अक्षराचा बाक घेते. उंच राखी बगळ्यात हा बाक लांबूनही दिसतो, कारण मान बारीक आणि पिसं आवळलेली असतात. रातबगळा किंवा बिटर्न यांच्या मानेवरची पिसं मात्र लांब आणि सैल असतात. मान घडी झाली की ती पिसं वरून उतरतात, घडीच झाकून टाकतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला एक जाडजूड, बिनमानेचा पक्षी दिसतो. रातबगळा मान ताणतो तेव्हा नव्या माणसाला वाटतं की आधीचा उडून गेला आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला. मी हे अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. दुर्बीण डोळ्यांवरून काढतात, डोळे चोळतात, परत लावतात.

एका वंचकाकडे मी एकदा अगदी कंटाळा येईपर्यंत बघत बसले होते. तो माझ्यापासून इतक्या जवळ होता की दुर्बिणीची गरज नव्हती, उलट दुर्बिणीत तो फोकसच होईना. पाणी त्याच्या नडगीएवढं. अंग पुढे कललेलं, डोकं खांद्यांत, चोच पाण्याला तिरकी. चोचीच्या टोकाला काळसर छटा, मधे पिवळट. डोळा पिवळा, त्यातली बाहुली खाली रोखलेली. बराच वेळ काहीच घडलं नाही. एक चतुर येऊन त्याच्या पाठीवर बसला, उठला, परत बसला. मग त्याने एक पाय उचलला, पण कसा, तर आधी टाच, मग बोटं एकेक करून मिटत वर आली, आणि पाय पाण्याबाहेर आला तरी पाण्यावर तरंग उठला नाही. तोच पाय वीतभर पुढे, तसाच एकेक बोट उघडत खाली. मग मान सुटायला लागली. झटक्याने नाही, सावकाश. खांद्यांतून डोकं पुढे सरकत गेलं आणि मागे मान उलगडत गेली, घडीची छत्री कुणी दांड्यातून हळूच ओढत न्यावी तशी. आधी जे बसकं, गोलसर अंग होतं त्यातून बघता बघता एक निमुळता, लांबट पक्षी तयार झाला. त्यानंतरचं मला दिसलंच नाही. पाण्यात एक टच् झालं आणि चोचीत बोटभर मासा होता. गिळला, घसा दोनदा हलला, पिसं फुगवून झटकली, आणि मान पुन्हा आत. आता कुणी तिथे येऊन उभं राहिलं असतं तर त्याला पुन्हा तोच आखूड, मख्ख, मातकट पक्षी दिसला असता आणि त्याने वहीत "मान आखूड" असंच लिहिलं असतं.

पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे नसतो, त्याहून खाली असतो. तिरक्या नजरेने बघितलं तर फरक आणखी वाढतो. बगळे हा फरक धरून नेम साधतात, हे प्रयोगांतूनही दिसलंय. म्हणजे ती सावकाश पुढे सरकणारी मान नुसती दबा धरणं नसतं. कुठल्या कोनातून, किती अंतरावरून मारायचं याची जुळणी त्या वेळात चाललेली असते. हिरव्या बगळ्याची तर आणखी पुढची मजल: पाण्यात किडा, पीस, पावाचा तुकडा असं काहीतरी टाकायचं आणि त्याकडे वर येणारा मासा टिपायचा. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांत ही युक्ती बऱ्याचदा पाहिली गेली आहे, जपानमध्ये हिरव्या बगळ्यांवर तिचा अभ्यासही झाला आहे. मला स्वतःला ती बघायला मिळालेली नाही. मिळावी म्हणून तासन् तास बसायची माझी तयारी आहे. हिरवा बगळाच तितका वेळ देत नाही.

मान आत गेलेली असताना यांना ओळखण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते उडेपर्यंत थांबायचं. सोपा आणि जरा अन्यायाचाही, कारण बसलेला पक्षी उगाच उठवू नये. पण तो आपणहून उठला तर क्षणात निकाल लागतो. वंचक बसलेला असताना चिखलाच्या रंगाचा असतो आणि उडाला की पांढराशुभ्र. पंख, शेपटी, सगळं पांढरं. इतका वेळ हे पांढरं त्याने कुठे ठेवलं होतं, असं प्रत्येक वेळी वाटतं. कितीही वर्षं बघा, वाटतंच. पिवळा बिटर्न उडाला की पंखांच्या फिकट भागाला लागून उडायची पिसं काळी दिसतात. तांबूस बिटर्न उडाला तर पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच तांबूस रंगाचे. बसलेले असताना या दोघांच्या माद्या आणि पोरं बघून माणूस रडकुंडीला येतो, आणि उडाल्यावर शेंबडं पोरही सांगेल. उडतानाही एक गोष्ट तीच राहते: बगळ्याच्या कुळातला पक्षी मान आत घेऊन उडतो. बहुतेक करकोचे, क्रौंच, चमचे मान पुढे ताणून उडतात. संध्याकाळी नुसती आकृती दिसत असली तरी एवढ्यावरून अर्धं काम होतं.

बिटर्नचं प्रकरण मात्र निराळंच. बाकीचे मान लपवतात, हा संकट आलं की मान वर काढतो. अंग ताणून उभं करतो, चोच आभाळाकडे रोखतो आणि गळ्यावरच्या उभ्या रेघा आजूबाजूच्या गवतात मिसळून टाकतो. अंग दोन्ही बाजूंनी चपटं असल्यामुळे समोरून बघितलं तर रुंदी फारशी उरतच नाही. वाऱ्याने गवत डोलायला लागलं तर त्याच्यासोबत थोडा डोलतो देखील. चोच आभाळाकडे असताना याला समोरचं कसं दिसत असेल, असं पूर्वी मला वाटायचं. डोळे खालच्या अंगाला बसवलेले असतात, त्यामुळे चोच वर असतानाही हनुवटीखालून दोन्ही डोळे सरळ तुमच्यावर असतात. एकदा का हे लक्षात आलं की मग बिटर्न शोधताना माणूस पक्षी शोधत नाही, आपल्याकडे बघणारे दोन डोळे शोधतो, आणि ते सापडले की थोडं अवघडल्यासारखं होतं. आपण त्याला बघायला आलो आणि तो कितीतरी आधीपासून आपल्याला बघतोय. अमेरिकेतला सगळ्यात लहान बिटर्न तर जेमतेम तीसेक सेंटिमीटरचा. पाण्यात पाय न बुडवता बोरूच्या दोन काड्यांना दोन पायांनी धरून, पाण्याच्या वरून, काडीकाडीने चालत जातो. त्याला ठेंगू, बसका म्हणायचं की काटकुळा, ते तो त्या घडीला काय करतोय यावर अवलंबून आहे.

आणि मला वाटतं, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. या पक्ष्यांचा आकार हा त्यांचा आकार नसून त्यांचं त्या वेळचं काम असतं. दबा धरणं, थंडी अंगात न शिरू देणं, झोप, घाबरणं, नेम धरणं, प्रत्येकाचा आकार वेगळा. फोटो त्यातलं एक उचलतो आणि तेच अंग म्हणून आपल्या हाती देतो. मोराचा फोटो मोर राहतो. पण ज्या पक्ष्याचं सगळं कसब न हलण्यात आहे त्याचा फोटो काढला तर त्याचा बनाव तेवढा फोटोत येतो. सर आणि मी दोघंही त्या बनावावरच भांडत होतो.

खुणा होत्याच, नव्हत्या असं नाही. रातबगळ्याच्या पोराच्या पंखांवर पांढरट, थेंबासारखे ठिपके असतात, पिसांच्या टोकांना, आणि ते अगदी ठसठशीत असतात. छातीवरच्या रेघा रुंद आणि पुसट. डोळा मोठा, पिवळा ते नारिंगी. चोच जाड, बुंध्याकडे खालून पिवळट. मोठ्या बिटर्नच्या पाठीवर असे सुटे ठिपके नसतात, काळ्या आणि वाळल्या गवती रंगांची बारीक नक्षी असते, आणि चोचीच्या मुळापासून गालावर एक गडद मिशी उतरते. चांगल्या उजेडात यांची गल्लत होण्याचं कारण नाही. पण उजेड मागून आला की ठिपक्यांच्या रेघा होतात, आणि गालावर सावली पडली की मिशी फुटते. भाचीने थोड्या वेळाने सहज सांगितलं की तिच्याकडे व्हिडिओपण आहे. मग आधी का नाही दाखवलास? "तुम्ही फोटोवर खूश होतात." व्हिडिओत पक्षी दोन पावलं चालून उजेडात आला, पंखावरचे थेंब लख्ख दिसले, आणि रातबगळ्याचंच पोर निघालं. सर जराही वरमले नाहीत. म्हणाले, "तू पक्षी बघत होतीस, मी जागा बघत होतो. अशा दाट लव्हाळ्यात, इतक्या आत, पहिल्यांदा बिटर्नच आठवला पाहिजे." मला हे पटलं, आणि पटलं म्हणून थोडं खटकलंही, कारण पुष्कळदा अशा जागेवरूनच सरांचं बरोबर येतं आणि माझे ठिपके चुकीच्या झाडावर जाऊन बसतात.

रातबगळ्याच्या पोराला पुरतं रातबगळा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तो दरवर्षी वेगळा दिसतो. ठिपके विरळ होत जातात, तपकिरीचा राखाडी होतो, डोक्यावरची काळी टोपी आधी मळकट आणि मग निळसर काळी होते, डोळा पिवळ्याचा नारिंगी आणि शेवटी लालबुंद. मानेमागे दोन-तीन लांब पांढरी पिसं येतात, दोऱ्याएवढी बारीक, आणि विणीच्या दिवसांत पिवळे पाय गुलाबी होतात. थवा दिवसा झाडावर झोपलेला असताना दुर्बीण लावून बसलं की एकाच फांदीवर या सगळ्या पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडले तर हा पक्षी प्रत्येक खंडात आहे, म्हणजे ठिपक्यांवरून भांडणारी माणसंही जवळपास प्रत्येक खंडात असणार. ऑस्ट्रेलियात याचा तांबूस पाठीचा भाऊ आहे. त्याच्याही पोरांना ठिपके.

पाणलाव्यांचं थोडं सांगायला हवं, कारण ते खरोखरच ठेंगू आहेत. त्यांच्यात बनाव नाही. मान खरोखर आखूड, पाय आखूड, अंग गोल, आणि या सगळ्याची भरपाई सहा-सात सेंटिमीटरच्या सरळ चोचीने केलेली. चोचीचं टोक लवचीक असतं. चोच मुळापर्यंत चिखलात असताना नुसतं टोक उघडून आतल्या आत किडा पकडता येतो. साध्या पाणलाव्याच्या शेपटीत साधारण चौदा पिसं, तर टाचणीशेपटी पाणलाव्याच्या शेपटीत पंचविसाच्या आसपास, आणि त्यातली कडेची टाचणीएवढी बारीक. आता ती मोजणार कोण? पक्षी बसलेला असताना शेपटी मिटलेली, उडाला की नागमोडी जातो. त्यामुळे लोक पंखाच्या मागच्या कडेची पांढरी रेघ बघतात, साध्या पाणलाव्यात ती स्पष्ट असते, आणि तेवढ्यावर समाधान मानतात. रंगीत पाणलाव्याला पाणलावा म्हणतात खरं, पण तो त्यांच्या कुळातला नाही. त्याची मादी जास्त सुंदर आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे. जुन्या काळी भडक तो नर असं धरून चालणाऱ्यांनी किती उलटसुलट लिहून ठेवलं असेल कोण जाणे.

आणि मग हिवाळ्यातले वंचक. यांच्यापुढे बाण, दुर्बीण, सर, सगळे हात टेकतात. विणीच्या दिवसांत यांच्या तीन जाती सहज वेगळ्या सांगता येतात: आपल्या नेहमीच्या वंचकाची पाठ किरमिजी आणि डोकं फिकट पिवळट, चिनी वंचकाचं डोकं-मान गडद तांबूस आणि पाठ काळपट, जावाच्या वंचकाचं डोकं सोनेरी पिवळं आणि पाठ काळी. वीण संपली, पिसं झडली की तिघेही तेच तपकिरी रेघांचे कपडे घालतात. प्रत्यक्ष बघताना त्यांना वेगळं काढायची खात्रीची खूण जवळजवळ नाहीच. जिथे तिन्हींपैकी दोन जाती येतात तिथे प्रामाणिक माणूस वहीत "वंचक" एवढंच लिहितो आणि पुढची जागा मोकळी सोडतो. मला अशा मोकळ्या जागा असलेल्या वह्या आवडतात. ज्याच्या वहीत एकही रिकामी जागा नाही त्याच्या बाकीच्या नोंदीही मी जरा बेतानेच घेते. फोनमधली ॲप्स हल्ली फोटो बघून नाव सांगतात आणि बहुतेकदा बरोबर सांगतात, पण हिवाळी वंचकाच्या फोटोवरही ती एखादं नाव पुढे करतात, आणि एकदा नाव मिळालं की जागा मोकळी सोडायचं माणसाच्या जिवावर येतं.

एका फोटोवर इतकं तोंडसुख घेतल्यावर हेही सांगायला हवं की या पक्ष्यांच्या इतिहासात एका फोटोने मोठं काम केलंय. ब्रिटनमध्ये मोठा बिटर्न वीण करायचा थांबला होता. १८८६ नंतर घरटं-पिल्लू असा काही पुरावाच नव्हता. पाणथळी बुजवल्या होत्या आणि उरलेले पक्षी शिकारीत आणि संग्रहांत गेले होते. १९११ साली पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एमा टर्नर यांनी इंग्लंडच्या नॉरफोक भागात बिटर्नच्या पिल्लाचा फोटो काढला आणि पक्षी परत आल्याचं सिद्ध झालं. ते पिल्लू कुणाचं यावर तेव्हा वाद झाला नसावा.

पण तो पक्षी पुढे टिकवला तो मात्र बघून नाही, ऐकून. दिवस मावळताना डोक्यावरून "क्वॉक" असा एक घोगरा आवाज जातो तेव्हा वर न बघताही रातबगळा निघाला हे कळतं. बिटर्नचा नर त्याहून कितीतरी खालच्या पट्टीत घुमतो. हवा गिळून अन्ननलिका फुगवतो आणि असा हुंकार सोडतो की शांत हवेत तो पाच किलोमीटरवरही ऐकू जातो. गंमत म्हणजे प्रत्येक नराचं घुमणं थोडं वेगळं असतं आणि ध्वनिमुद्रणाचे आलेख काढले तर एकेक नर आवाजावरून ओळखता येतो. ब्रिटनमध्ये १९९७ साली घुमणारे नर मोजले तेव्हा अकराच निघाले. बोरूची बेटं सुकत चालली होती, त्यांत झुडपं शिरत होती. मग पाण्याची पातळी वाढवली, झुडपं काढली, नवी बेटं तयार केली, आणि आता घुमणाऱ्या नरांचा आकडा दोनशेच्या वर गेला आहे. ही सगळी मोजदाद कानांनी झालेली. मोजणारा पहाटे अंधारात उभा राहतो, आवाजाची दिशा लिहून घेतो, दुसऱ्या जागेवरून दुसरा माणूस लिहून घेतो, दोन रेघा जिथे छेदतील तिथे नर. सबंध हंगामात एकही बिटर्न डोळ्यांनी दिसला नाही तरी काम चोख होतं. मान आत आहे की बाहेर, ठिपके आहेत की रेघा, हे प्रश्नच तिथे येत नाहीत.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, असं काम मिळालं तर दुर्बीण विकून टाकेन. मी म्हटलं, विकायची झाली तर आधी मला विचारा, तुमची माझ्यापेक्षा चांगली आहे.